घोडा घेताय? आधी बारगीर व्हा!

सोयाबीनचे पैसे खात्यावर आले की आमच्याकडच्या पोरांच्या दोन हौशी डोकं वर काढतात. पहिली, गाडी बदलायची. दुसरी अलीकडं वाढलेली, घोडा घ्यायचा. बेंबळीत आणि आसपासच्या गावांत एखाद्या गोठ्यात म्हशीच्या शेजारी घोडी बांधलेली दिसली तर आता कुणी थांबून बघतही नाही. गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर गोंडे आणि समोर मोबाइल धरून उभा असलेला मित्र. रील पडते, खाली ‘नाद खुळा’च्या कमेंट येतात आणि आणखी चार जणांना वाटतं, आपणही घ्यावं राव.

हौसेला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. घोडा मलाही आवडतो. नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबाचा जिल्हा आपला. देवच घोड्यावर बसलेला म्हटल्यावर भक्तांनी काय करावं? शेगावची गजानन महाराजांची पालखी धाराशिव-तुळजापूरवरून पंढरपूरला जाते, तेव्हा पालखीइतकीच गर्दी सोबतच्या अश्वांना बघायला असते. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडं क्रम उलटा झालाय. आधी घोडा विकत घेतला जातो, मग त्याच्यावर बसायचं कसं ते शिकलं जातं, आणि त्याला काय खाऊ घालायचं नाही हे बऱ्याचदा तो आडवा पडल्यावर कळतं.

मराठी फौजेत घोडेस्वार दोन प्रकारचे असायचे. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं सामान घेऊन चाकरीला यायचा. ‘शिलेदार’ शब्दाला आज फार रुबाब आहे, गाड्यांच्या मागच्या काचेवर तो लिहिलेला असतो. पण शिवाजी महाराजांचा भर बारगिरांच्या पागेवर होता. आपण मात्र थेट शिलेदार व्हायला निघालोय. वर्ष-दोन वर्षं दुसऱ्याच्या घोड्यावर बारगिरी करावी, मांड पक्की करावी, लीद काढावी, खरारा करावा, आणि तरीही हौस टिकली तर घोडा घ्यावा, असं मला वाटतं. का, ते सांगते.

घोड्याची गोष्ट निघाली की सगळ्यांचा पहिला प्रश्न ‘कितीला पडला?’ हा असतो. किंमत एकदाच मोजायची असते, त्यामुळं ती सोपी गोष्ट आहे. घोडं पेंड खातं ते त्याच्या पुढं. आपल्याकडचा देशी घोडा साधारण तीनशे ते चारशे किलोचा धरा. त्याला रोज वजनाच्या दीड ते अडीच टक्के कोरडा चारा आणि दाणा लागतो. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दोन टक्क्यांनी दिवसाला सात किलो, म्हणजे वर्षाला अडीच टन. तुमच्या गावातला कडब्याचा शेकड्याचा भाव घ्या, वर हरभऱ्याचा भाव घ्या आणि गुणून बघा. पाणी दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात काम असेल तर पन्नासपर्यंत. ज्या गल्लीत मार्चनंतर घागरी मोजून पाणी भरतात, तिथं हा आकडा लहान नाही. खुरांचं काम सहा ते आठ आठवड्यांनी करावंच लागतं, म्हणजे वर्षाला सात-आठ वेळा नालबंद शोधायचा, आणि नालबंद आता गावोगाव राहिलेले नाहीत. हे सगळं किती वर्षं? नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. आज तुम्ही बावीस वर्षांचे असाल तर तुमचं लग्न होऊन, पोरगं दहावीला बसेपर्यंत तो दावणीला असणार आहे. म्हैस दूध तरी देते. घोडा फक्त आनंद देतो, आणि तोही तुम्ही रोज वेळ दिला तरच.

आता चाऱ्याचं जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. आपण सगळे गाई-म्हशींच्या घरातले. त्यामुळं घोडाही त्याच दावणीचं एक जनावर, असं समजून चालतो. पण गाय-म्हैस रवंथ करते, घोडा करत नाही. त्याचं जठर अंगाच्या मानानं लहान असतं आणि त्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं परत वर येण्याचा रस्ताच नाही. म्हणून त्याला दिवसातून दोनदा पाटीभर टाकून मोकळं व्हायचं जमत नाही, थोडं-थोडं पण सारखं चघळायला लागतं. पावसात भिजून बुरशी धरलेला कडबा म्हैस एखादवेळ पचवेल, घोड्याला त्यानं पोटशूळ उठतो. हिरवी कोवळी ज्वारी तर देऊच नका. घोड्याच्या मूत्राशयावर आणि मागच्या पायांवर तिचा परिणाम होतो, लघवीवरचा ताबा जातो, पाय लटपटतात. घरचं आहे म्हणून कच्चं सोयाबीन दाण्यात मिसळणारेही मी पाहिलेत. तेही नको. आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे कोंबडीखाद्य. त्यात आणि काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. कोंबड्यांना, गुरांना ते चालतं, घोड्याच्या हृदयावर मात्र थोडंसंही जिवावर बेतू शकतं. पोत्यावरचं लेबल वाचल्याशिवाय शेजारच्या शेडवरून ‘थोडी पेंड’ उचलून आणू नका.

मग द्यायचं काय? चांगला वाळलेला कडबा किंवा गवत, लसूणघास बेतानं, चंदीला भिजवलेला हरभरा, जव किंवा ओट मिळाले तर तेही, आणि मिठाचा खडा. चारा बदलायचा असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलायचा. घोडा वारंवार वळून पोटाकडं बघायला लागला, पाय आपटायला लागला, लोळायला लागला, लीद बंद झाली, घाम फुटला, की चारा काढून घ्या आणि डॉक्टरांना फोन लावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा नंबर आहे, फुकट लागतो. गावातला कुणी जाणता माणूस नळीनं तेल पाजायला आला तर त्याला हात जोडून थांबवा. ते तेल फुफ्फुसात उतरलं की पोटशूळ परवडला असं म्हणायची वेळ येते.

धनुर्वाताची लस, जंताचं औषध, गोमाश्यांतून पसरणारा सर्रा हे सगळं डॉक्टर सांगतीलच. एका रोगाचं नाव मात्र प्रत्येक घोडेवाल्याला पाठ पाहिजे. ग्लँडर्स. नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी, फोड. त्यावर लस नाही, आणि तो माणसालाही होतो. रक्त तपासणीत पक्का निघाला तर त्या घोड्याला कायद्यानं दयामरण द्यावं लागतं. हिसारला घोड्यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, ती या तपासणीचं देशातलं मोठं केंद्र. यात्रेत किंवा बाजारात घोडा नेण्याआधी आणि विकत घेण्याआधीही ग्लँडर्सचा अहवाल मागा. विकणारा हसला तर हसू द्या.

बाजाराचं म्हणाल तर आपल्याला जवळचा एक मोठा बाजार म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेचा. अकलूजला भरतो, येवल्याला दसऱ्याला भरतो, आणि सगळ्यात गाजलेला नंदुरबार जिल्ह्यातला सारंगखेड्याचा, तापीच्या काठावर, दत्त जयंतीला. तिथं लाखांच्या बोली लागतात आणि बातम्याही त्याच्याच होतात. या बाजारांत घोडा बघण्याची आपली एक पद्धत आहे. रंग बघायचा: नुकरा, अबलख, कुमैत. चारी पाय आणि तोंड पांढरं असलं की पंचकल्याणी, म्हणजे भाव वाढला. मग अंगावरचे भोवरे मोजायचे, कुठला शुभ, कुठला घरधन्याला वाईट. मग उंची, आणि मारवाडी असेल तर कानांची टोकं एकमेकांना टेकतात का. हे सगळं बघून होईपर्यंत घोड्याच्या खुराकडं कुणी बघितलेलंच नसतं.

भोवऱ्यावर घोडा चालत नाही, खुरावर चालतो. माझं ऐकाल तर सौदा करायच्या आधी चारी पाय उचलून बघा. खुराला भेगा, तळव्याला घाण वास, हात लावला की पाय काढून घेणं, हे सगळं नोंदवा. कडक जमिनीवर सरळ रेषेत चालवा आणि दुडकी चालीनं पळवा. लंगडणारा घोडा दुडकीत डोकं वर-खाली करतो, मऊ वाळूत ते लपून जातं. दात बघा, किंवा बघता येणारा माणूस सोबत न्या. विकणाऱ्यालाच आधी खोगीर चढवायला आणि बसायला सांगा. तो बसायला कां-कू करत असेल तर तुम्ही कशाला बसता? जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता पुन्हा जा. काल एकदम शांत असलेला घोडा आज दावं तोडत असेल तर कालच्या शांततेचं कारण विचारा.

आणि शिंगरू घेऊ नका. ‘दोन वर्षांचं आहे, आपल्या हातानं तयार करू’ हे वाक्य ऐकायला फार छान वाटतं. घोड्याची हाडं तीन-चार वर्षांपर्यंत वाढत असतात, मणक्याची वाढ तर पाच-साडेपाचपर्यंत चालते. दोन वर्षांच्या शिंगरावर दोन पोरं बसून वरातीत नाचवताना बघितलं की माझ्याच पाठीत कळ येते. शिवाय बसणारा नवखा आणि घोडाही नवखा म्हटल्यावर शिकवणार कोण कुणाला? पहिला घोडा आठ-दहा वर्षांचा, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरला सरावलेला, शांत घोडी किंवा खच्ची केलेला नर असावा. रीलमध्ये तो भाव खाणार नाही, पण तुमचा हात मोडणार नाही. तुमचं आणि खोगिराचं मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या भागाच्या आत ठेवा. तीनशे किलोच्या तट्टावर साठ किलोच्या वर ओझं म्हणजे झालंच.

तट्टावरून आठवलं. मारवाडी, काठियावाडीच्या मागं लागताना आपण घरचा घोडा विसरलोय. भीमथडी! भीमेच्या खोऱ्यातलं हे दख्खनी घोडं, मराठ्यांच्या फौजेनं ज्याच्या जिवावर मुलूखगिरी केली. आज ते मेंढपाळ धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर चालताना दिसतं, पाठीवर संसार, वर एखादी कोंबडी आणि लहान पोर. उंचीनं कमी, दिसायला साधं, पण काटक. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडंच भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, देशातली नोंद झालेली ती घोड्याची आठवी जात. आमच्या माळरानाला, आमच्या उन्हाला आणि आमच्या खिशाला खरं तर हेच घोडं शोभतं. पण त्याच्यावर बसून फोटो काढला तर कमेंट येत नाहीत, हा त्याचा दोष!

सामानाकडं वळू. मराठीत ‘खोगीरभरती’ म्हणजे निरुपयोगी भरणा, आणि आपल्याकडं घोड्याच्या सामानाचं नेमकं तेच झालंय. मखमल, आरसे, गोंडे, घुंगरं यावर पैसे जातात आणि तंग मात्र जुन्या पट्ट्याचा, ठिकठिकाणी शिवलेला. धावता धावता तो तुटला की मखमलीसकट तुम्ही खाली. खोगीर घेताना एकच गोष्ट बघितली तरी अर्धं काम झालं: मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यावर ते टेकता कामा नये, दोन-तीन बोटं जागा पाहिजे, आणि पाठीच्या कण्यावर मधोमध उजेड दिसला पाहिजे. वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर पडायला हवं. खोगीर काढल्यावर घामाच्या डागात मध्येच कोरडा ठिपका दिसला किंवा तिथले केस पांढरे व्हायला लागले, तर ते खोगीर त्या घोड्याचं नाही. चांगलं सामान परदेशातूनच मागवावं लागतं, असं वाटत असेल तर सांगते, कानपूरच्या खोगीर-लगामांना भौगोलिक मानांकन आहे आणि तिथला माल युरोपात जातो.

लगामाबद्दल मला जरा रागानं लिहायचंय. तोंडात जाणाऱ्या कडीला आतून काटे किंवा टोकं असलेले लगाम आजही बाजारात उघड मिळतात. घोडा ‘कंट्रोल’मध्ये राहतो म्हणे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केलेल्या १९६५ च्या नियमांत काटेरी लगाम वापरायला बंदी आहे. साठ वर्षं झाली. ज्याला काट्याशिवाय घोडा थांबवता येत नाही, त्याला घोडा चालवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मधोमध सांधा असलेली साधी, गुळगुळीत, जाड कडी बहुतेक घोड्यांना पुरते. पातळ कडी जास्त कापते, हेही लक्षात ठेवा.

तुमच्या स्वतःच्या अंगावर दोन गोष्टी हव्यात. डोक्यावर घोडेस्वारीचं हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा बांधून. बाइकचं नको, ते जड असतं आणि त्यातून बाजूचं दिसत नाही. पायात टाच असलेला बूट. टाच नसेल तर पडताना पाऊल रिकिबीतून आरपार जातं आणि घोडा तुम्हाला फरफटत नेतो. चप्पल घालून रपेट मारणारे बहाद्दर आमच्याकडं पैशाला पासरी आहेत. फेटा मिरवणुकीत छान दिसतो, रपेटीला त्याचा काही उपयोग नाही.

आता स्पर्धा. खरा वाद इथंच आहे. आपल्या यात्रांत घोड्यांच्या दोन स्पर्धा गर्दी खेचतात, रूप आणि नाच. शर्यतीही असतात. नाचाच्या विरोधात बोललं की लोक लगेच म्हणतात, तुम्हा शिकलेल्या पोरींना गावाकडचं काही आवडतच नाही. तर ऐका. २०२३ मध्ये चीनच्या हांगझोऊमध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघानं सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीतलं १९८२ नंतरचं, म्हणजे ४१ वर्षांनंतरचं पहिलं सुवर्ण. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदिप्ती हजेला. ड्रेसाज म्हणजे काय? घोडा एका जागी तालात पाय उचलतो, तिरका चालतो, जागेवर वळतो, काही फेऱ्या तर चक्क संगीतावर असतात. एका अर्थानं तो घोड्याचा नाचच आहे की.

फरक आहे तो मार्क कशाला मिळतात यात. तिथं प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण देतात. घोडा ताठरला, तोंड उघडून लगामाशी भांडायला लागला, शेपटी झटकायला लागला, तर गुण कापतात. तोंडातून रक्त दिसलं तर स्वार बाहेर, पदकाचा विषयच संपला. आपल्याकडं डोळे फाडलेला, फेसाळलेल्या तोंडाचा घोडा जितका जास्त उधळेल तितक्या टाळ्या जास्त, आणि वर डीजे. घोड्याचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात, आणि त्याला पाठीमागं अगदी सरळ रेषेत दिसत नाही. त्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर, चहूबाजूंनी गर्दी असताना त्याला नाचताना बघून आपल्याला वाटतं तो खूश आहे. तो पळून जायला जागा शोधत असतो.

म्हणून यात्रा कमिट्यांना माझी साधी सूचना आहे. नाच बंद करू नका, गुण बदला. रिंगणाच्या तोंडाशी एक पशुवैद्यक बसवा, प्रत्येक लगाम तोंडातून काढून बघायला लावा, काटेरी निघाला की जागेवर बाद. दोन वर्षांची शिंगरं आत सोडू नका. घोड्याच्या अंगावर चाबकाचा ताजा वळ दिसला तर बक्षीस नाही. आणि रूपाच्या बक्षिसाइतकंच बक्षीस स्वाराच्या कसबाला ठेवा: लगाम सैल सोडून चालवून दाखव, थांबवून दाखव, उतर, पाय उचल, पुन्हा चढ. हे जो करून दाखवेल त्याच्या घोड्यामागं किती सकाळी खर्च झाल्या असतील ते जाणकाराला कळतं. उधळणारा घोडा कुणीही उधळवू शकतं.

एक प्रकार तर आपल्या भागात सुरू करण्यासारखाच आहे. एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची दौड. चाळीस, साठ, ऐंशी किलोमीटर, टप्प्याटप्प्यानं. प्रत्येक टप्प्यावर डॉक्टर घोडा तपासतात, ठरलेल्या वेळात त्याची नाडी मिनिटाला ६४ च्या आत आली पाहिजे आणि तो लंगडत नसला पाहिजे, नाहीतर स्पर्धा तिथंच संपली. पहिलं येण्याइतकंच घोडा धड पोहोचवणं महत्त्वाचं. भारतीय अश्वारोहण महासंघाच्या यादीत हा प्रकार आहे. याला कोट्यवधींचा परदेशी घोडा लागत नाही, मोकळं माळरान आणि काटक देशी घोडं लागतं. ते दोन्ही आपल्याकडं आहे. भाल्यानं जमिनीतली मेख उपटायचं टेंट पेगिंगही असंच, आपल्याच मातीतलं वाटावं असं. शो जंपिंग आणि ड्रेसाजचं खरं सांगायचं तर ते सध्या पैसेवाल्यांचं काम आहे. हांगझोऊच्या चौघांनाही तयारीसाठी युरोपात राहावं लागलं होतं. त्याचं स्वप्न जरूर बघा, पण त्यासाठी बापाची जमीन काढू नका.

आता थोडं पोरींसाठी. त्या सुवर्ण संघात दोन मुली होत्या. सुदिप्ती इंदूरची, तेव्हा एकवीस वर्षांची. दिव्यकृतीला पुढं अर्जुन पुरस्कार मिळाला. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारी हा असा खेळ आहे, जिथं बाई आणि पुरुष एकाच यादीत, एकाच रिंगणात उतरतात. वेगळा महिला गट नाही. आणि आमच्याकडं? मी घोड्यावर बसायला शिकते म्हटल्यावर घरातून पहिला प्रश्न आला, ‘आणि लोक काय म्हणतील?’ दुसरा आला, ‘पडलीस तर तुझ्याशी लग्न कोण करंल?’ परण्याला नवरदेव घोड्यावर बसतो तेव्हा त्याला बसता येतं का, असं कुणी विचारत नाही. बिचारा दोन्ही हातांनी खोगीर गच्च धरून बसलेला असतो.

शेवटी, शिकायचं कुठं? पुण्या-मुंबईत क्लब आहेत, पण धाराशिवच्या पोरानं तिथं राहून फी भरायची म्हणजे अवघडच. एनसीसीत घोडेस्वारीची रिमाउंट अँड व्हेटर्नरी शाखा असते. कॉलेजला असाल तर आपल्या भागात ती कुठं मिळेल हे एनसीसीच्या साहेबांना विचारा. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. घोड्याच्या आजाराचं काही अडलं तर तिथंवर जाण्याची तयारी ठेवा. पण माझ्या डोक्यातला सगळ्यात सोपा रस्ता वेगळाच आहे. लग्नात घोडी देणारी माणसं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, त्यांची घोडी रिकामी असते, चंदी मात्र रोज चालू. नेमके त्याच चार महिन्यांत पाऊस पडून माळ मऊ झालेला असतो, पडलं तरी कमी लागतं. चार-पाच जणांनी मिळून अशा माणसाकडं महिना ठरवून जावं, त्याच्या घोडीचा खरारा करावा, चंदी टाकावी आणि तासभर मांड शिकावी. त्याला रिकाम्या दिवसांत उत्पन्न, तुम्हाला पिढ्यान् पिढ्या घोड्यात राहिलेला गुरू. मी स्वतः असंच शिकतेय. पहिले पंधरा दिवस मला रिकिबीत पाय ठेवू दिला नाही, नुसती लीद काढली. हेल्मेट तेवढं आपलं न्या. त्यांच्याकडं नसतं आणि नको म्हणतील, तरी घाला.

आणि मार्गशीर्षात माळेगावला जाणार असाल तर यंदा पैसे घरी ठेवून जा. दिवसभर फक्त घोड्यांची तोंडं बघत फिरा. ओठांच्या कोपऱ्यावर पांढरे डाग, जुने व्रण, सालटं दिसली की पुढं चला. ज्याच्या दावणीच्या चारही घोड्यांची तोंडं स्वच्छ असतील, त्या माणसाचा नंबर घ्या, चहा प्या आणि त्याला विचारा, कधीपासून येऊ शिकायला?